साडेचार एकर

परवा आमच्या मेजावर दोन कागद शेजारी शेजारी पडले होते. एक होता आमच्या तासगावकडील वडिलार्जित द्राक्षबागेच्या वाटणीचा कच्चा नकाशा. तांबड्या पेन्सिलीने त्यावर तीन उभ्या रेघा ओढलेल्या. दुसरे होते फ्रान्समधील एका जगप्रसिद्ध द्राक्षमळ्याच्या इतिहासाचे टिपण. हे टिपण आम्हीच, सेवानिवृत्त मनुष्यास जो रिकामा वेळ असतो त्याचा सदुपयोग म्हणून, ग्रंथालयातील पुस्तके चाळून काढले होते. या दोन कागदांचा परस्परांशी काही संबंध असेल असे आमच्या स्वप्नातही नव्हते. पण सहज नजर गेली, आणि दोन्हींवरील क्षेत्रफळ जवळजवळ एकच असल्याचे ध्यानात आले. आमची बाग साडेचार एकरांची. फ्रान्समधील तो मळा एक हेक्टर एक्याऐंशी आरांचा, म्हणजे साडेचार एकरांस जेमतेम गुंठाभर कमी.

वाचकांनी येथेच हसून घ्यावे. आमच्या बागेचा माल बेदाणा होऊन कोणाच्या तरी शिऱ्यात पडतो. त्या मळ्याच्या १९४५ सालच्या एका बाटलीस २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात साडेपाच लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. तेव्हा बरोबरी क्षेत्रफळापुरतीच आहे, हे आम्ही जाणून आहो. शिवाय आमच्या घराण्यास वारुणीचा परिचय नाही. द्राक्षांपासून काढलेले आम्ही जन्मात एकच पेय घेतले, ते म्हणजे वैद्यबुवांनी दिलेले द्राक्षासव, आणि तेही आईने नाक दाबून पाजलेले. पण मालकीच्या इतिहासाला चव लागत नाही. जमीन कोणी घेतली, कोणी राखली, कोणी विकली, हे समजण्यास मनुष्याला भाऊ असले म्हणजे पुरे.

आम्ही साताऱ्यास राहतो. नोकरीनिमित्त येथे आलो आणि येथलेच झालो. बाग मात्र सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातील आमच्या मूळ गावी. १९७२ च्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी वडिलांनी ज्वारीचे रान मोडून तेथे द्राक्षवेल लावला, तेव्हा गावाने त्यांस वेड्यात काढले. आम्ही तीन भाऊ व एक बहीण. थोरले बंधू, ज्यांस आम्ही दादा म्हणत असू, त्यांनी हयातभर ती बाग सांभाळली; त्यांच्या पश्चात त्यांचा मुलगा ती पाहतो. धाकटे बंधू पुण्यास असतात. आक्का मिरजेस. थोडक्यात सांगावयाचे तर बाग चौघांची, आणि राबणारा एक.

आता त्या फ्रेंच मळ्याकडे वळू. बर्गंडी प्रांतात वोन-रोमाने नावाचे लहानसे गाव आहे. गावामागे पूर्वेकडे तोंड करून उतरत गेलेली एक टेकडी, आणि त्या उतारावर दगडी कठड्याने वेढलेला हा मळा. कठड्याच्या कडेला एक साधा दगडी क्रूस उभा आहे. वाडा नाही, बुरूज नाही, कमान नाही. मळ्याचे नाव रोमाने-काँती. मध्ययुगात ही वेल तेथील सेंट विव्हाँ मठाच्या ताब्यात होती. सतराव्या शतकात ती क्रूनांबूर नावाच्या घराण्याकडे गेली, आणि १७६० मध्ये राजघराण्यातील लुई फ्रांस्वा, प्रिन्स द काँती यांनी ती विकत घेतली. राज्यक्रांती झाली, सरदारांच्या मिळकती जप्त झाल्या, आणि १७९४ मध्ये हा मळा लिलावात निघाला. मौज पाहा: ज्या क्रांतीने राजपुत्राची जमीन हिरावली, तिच्याच धामधुमीत त्याचे नाव जमिनीला कायमचे चिकटले. मालक गेला, आडनाव राहिले.

पुढे एकोणिसाव्या शतकात झ्यूल ऊव्रार नावाच्या धनिकाकडे दोन प्रसिद्ध मळे होते. एक हा साडेचार एकरांचा. दुसरा जवळच असलेला क्लो द वूजो, सुमारे सव्वाशे एकरांचा, मठवासी साधूंनी शतकानुशतके जोपासलेला. ऊव्रार वारल्यानंतर दोन्ही मळे वारसांनी विकले. लहान मळा १८६९ मध्ये द्युव्हो-ब्लोशे या व्यापाऱ्याने सबंध घेतला. मोठा १८८९ मध्ये तुकड्यातुकड्यांनी गेला. आज त्या सव्वाशे एकरांत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कोणाकडे दहा-बारा एकर, तर कोणाकडे वेलींच्या चार ओळी. बाटलीवर नाव एकच, पण आत कोणाची निगराणी आहे हे ठाऊक असल्याखेरीज जाणकार ती विकत घेत नाहीत. याला कारण केवळ लोभ नव्हे. नेपोलियनने १८०४ मध्ये जो कायदा दिला त्याने बापाची मिळकत सर्व अपत्यांस समान ठरविली. न्याय म्हणून हे उत्तमच. पण जमिनीवर त्याचा परिणाम काय होतो, हे पाहावयास बर्गंडीस जाण्याची गरज नाही. आमच्या तालुक्यातील कोणत्याही तलाठ्याकडे सातबारा मागावा, आणि इतर हक्कांच्या रकान्यातील नावे मोजत बसावे.

मात्र लहान मळा अखंड राहिला म्हणून तो सुखात राहिला असे नाही. १८६० नंतर अमेरिकेतून आलेल्या एका सूक्ष्म किडीने फ्रान्समधील वेलींची मुळे खाऊन टाकली. अखेर उपाय सापडला तोही अमेरिकेतच: तिकडील रानवेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम बांधणे. साऱ्या देशाने तो स्वीकारला; रोमाने-काँतीच्या धन्यांनी मात्र आपली स्वतःच्या मुळांवरची जुनी वेल सोडली नाही. जमिनीत औषध टोचून टोचून ती त्यांनी जगविली. दुसऱ्या महायुद्धात औषधही मिळेना आणि माणसेही मिळेनात. १९४५ मध्ये साऱ्या मळ्यातून अवघ्या सहाशेच्या आसपास बाटल्या निघाल्या, आणि त्यानंतर ती म्हातारी वेल उपटावी लागली. १९४७ मध्ये नवी लावली. १९४६ पासून १९५१ पर्यंत, सलग सहा वर्षे, जगातील त्या सर्वांत नामांकित मळ्यातून एक बाटलीही निघाली नाही.

हे वाचताना आम्हांस दादांची आठवण झाली. आमच्या बागेतील वडिलांची वेल अशीच स्वतःच्या मुळांवर होती. पाणी खोल गेले, विहिरीस मचूळपणा आला, आणि पाने कडेने करपू लागली. पुतण्याने हट्ट धरला की जुनी बाग काढून डॉगरिज खुंटावर नवी करावी. हा खुंटही अमेरिकेचा, टेक्सासमधील रानवेलीच्या जातीचा. पाण्याचा ताण व खारटपणा सोसणारा. दादा आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी स्वतः कुऱ्हाड घेऊन पहिल्या ओळीपाशी उभे राहिले. नव्या खुंटावर त्यांनी तास-ए-गणेशचे कलम भरविले. ही जात आमच्याच तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आरवे यांनी थॉमसन वेलीवर निराळी दिसलेली एक फांदी हेरून वाढविली. तिचा प्रसार जिल्ह्याबाहेर किती दूरवर झाला, हे द्राक्षे पिकविणाऱ्यांस सांगावयास नको. असा मनुष्य सातबाऱ्यावर किती एकरांचा धनी होता, हे विचारण्यात अर्थ नाही. त्याची मिळकत दुसऱ्यांच्या बागांत आहे.

आमच्या भागातील बागेचे रहाटगाडगे वाचकांस ठाऊक नसेल म्हणून दोन शब्द. इकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तीत काडी तयार होते; ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी, तीत घड येतो. दोहींच्या मधल्या काळात व पुढे सारी भिस्त आकाशावर. फुलोऱ्यात पाऊस आला की केवडा, ढगाळ हवा राहिली की भुरी. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातील अवकाळी पावसाने हातातोंडाशी आलेल्या बागा कशा गेल्या, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. पाण्याचा प्रश्न पूर्वी टँकरने सुटे, किंवा सुटत नसे. अलीकडे टेंभू योजनेचे पाणी येते. ते पाणी सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळ, कृष्णेतून उचलतात आणि टप्प्याटप्प्याने चढवीत सांगलीच्या कोरड्या रानात नेतात. आम्ही साताऱ्यास राहून बागेला काही दिले असेल तर एवढे पाणीच, आणि तेही सरकारने.

पिकलेली द्राक्षे आमच्याकडे बहुधा वाळविली जातात. पोटॅशियम कार्बोनेट व वाळवणीचे तेल यांच्या द्रावणात बुडवून ती सावलीत जाळ्यांवर पसरतात. पंधरवडाभरात हिरवट सोनेरी बेदाणा तयार होतो, आणि तासगाव-सांगलीच्या सौद्यांत जातो. वारुणीचाही प्रयोग होऊन गेला. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले आणि त्यासाठी दोन उद्यानक्षेत्रे ठरविली, एक नाशिककडे विंचूरला, दुसरे आमच्या शेजारी पलूसला. नाशिकने तो धंदा आपलासा केला; आमच्याकडे तो म्हणावा तसा रुजला नाही. आमचा शेतकरी बेदाण्याचाच राहिला. त्यास सांगलीचा बेदाणा म्हणून भौगोलिक मानांकनही मिळाले. फ्रान्समध्ये रोमाने-काँतीच्या नावाला असे सरकारी संरक्षण १९३६ मध्ये मिळाले होते. दोहींतील तत्त्व एकच: नाव मालकाचे नव्हे, मातीचे.

आणि तीच माती वाटून घेण्यासाठी आम्ही गेल्या माघात गावच्या घरी जमलो होतो. धाकट्या बंधूंस पैशाची निकड होती. मुलीचे शिक्षण, घराचे हप्ते. त्यात काहीही गैर नव्हते. रस्त्याकडेचा भाग घेण्यास एक गिऱ्हाईकही तयार होते. आमचेही मत वाटणीकडे झुकलेले होते, हे कबूल केले पाहिजे. या प्रांतात वाटणीची परंपरा काही आजची नव्हे. १७३१ मध्ये वारणेच्या तहाने छत्रपतींच्या दोन गाद्यांनी, साताऱ्याने व कोल्हापूरने, आपली राज्ये वाटून घेतली, आणि पुष्कळ वर्षांचा कलह मिटला. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून चुलत्यांपासून वेगळे झाले, आणि त्या वेगळे होण्यातून सांगली वसली. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचेच दोन भाग होऊन दक्षिण सातारा निराळा झाला, तोच १९६० पासून सांगली जिल्हा. वाटणी नसती तर सांगली नसती, असे आम्ही त्या बैठकीत मोठ्या विद्वत्तेने सांगितले. पुतण्या खाली मान घालून ऐकत होता.

मग त्याने एवढेच विचारले, "काका, विहीर कोणाच्या वाटणीला?"

या प्रश्नाने आमचा इतिहास संपला. विहीर एक, मोटार एक, ठिबकच्या नळ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मांडवाच्या तारांचा ताण पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत. मध्ये तीन रेघा ओढल्या की चार बागा होत नाहीत. मांडव तेवढा पडतो. एका तुकड्यात फवारणी चुकली की रोग चौघांच्याही वेलीवर. असे बारीक तुकडे पडू नयेत म्हणून सरकारने १९४७ मध्येच तुकडेबंदीचा कायदा केला होता. पण कायदा जमिनीचे तुकडे अडवू शकतो, मनांचे नाही. तेव्हा चौघांऐवजी निदान तीनच वाटण्या व्हाव्यात असा तोडगा निघाला, आणि तो कसा निघाला हे सांगताना आम्हांस आज लाज वाटते. आक्काने हक्कसोड द्यावी असे ठरले. म्हणजे आम्ही भावांनी ठरविले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि साऱ्या देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, हे आम्हांस तोंडपाठ आहे. आमच्या ओळखीच्यांस आम्ही ते आवर्जून सांगतही असतो. परंतु आक्का आपलीच. ती काय मागणार! कागद तयार झाला. तो साताऱ्यास आणून आम्ही एकदा नजरेखालून घालावा आणि नंतर सह्या व्हाव्यात, असे ठरून बैठक उठली.

तो कागद व ते टिपण मेजावर एकत्र आले ते असे. टिपणाचा शेवटचा भाग आम्ही पुन्हा वाचला. द्युव्हो-ब्लोशे यांच्या वंशात तो मळा उतरत उतरत या शतकाच्या मागल्या शतकात दोघा भावाबहिणींकडे आला: झाक शांबों व त्यांची बहीण मारी-दोमिनिक. बहिणीचे यजमान एदमों द विलेन. नावावरून वाचकांनी भलताच ग्रह करून घेऊ नये, कारण मळ्याची व्यवस्था निष्ठेने पाहणारे ते हेच. १९४२ मध्ये, युद्धाच्या ऐन अंधारात, भावाने आपला निम्मा हिस्सा विकावयास काढला. परका मनुष्य येऊन मळा फोडील म्हणून विलेन यांनी आपले स्नेही आंरी लरुआ यांस तो घ्यावयास लावला. त्याच वर्षी मिळकतीची एक संस्था केली: वाटणी व्हायची ती भागांची, जमिनीची कधीच नाही. आज ऐंशीहून अधिक वर्षे लोटली, कठड्याच्या आतली ओळ न् ओळ एकत्र आहे, आणि त्या मळ्याशी आज जे आडनाव जोडलेले आहे ते जावयाच्या घरचे आहे. भावाने विकले, बहिणीच्या घराने राखले.

आम्ही हक्कसोडीचा कागद उलटा करून ठेवला. मग गाडी धरून मिरज गाठली.

आक्काने सर्व ऐकून घेतले. फ्रान्समधील त्या बाईचे नाव तिला उच्चारता येईना, म्हणून तिने ते उच्चारले नाही. ती म्हणाली, "अण्णा, दादा पहाटे पाणी सोडायला जायचा तेव्हा कंदील धरायला मी असायची. तू परीक्षेला बसलेला असायचास. हक्कसोड मी देणार नाही. पण वाटणीही मागणार नाही. माझे नाव राहू दे, म्हणजे कोणाला बाग फोडायची झाली तर मला विचारावे लागेल."

इतक्या वर्षांत आक्काने काही मागितल्याचे आम्हांस आठवत नाही. आणि हेही मागणे नव्हतेच. ते राखणे होते. ज्या सहीने बाग अखंड राहील असे आम्ही समजत होतो, तीच सही बाग फोडणारी ठरली असती. बहिणीचे नाव कमी झाल्याने मिळकत एक राहत नाही. भावांचे काम तेवढे सोपे होते.

पुढे जे ठरले ते असे. जमिनीत रेघ ओढावयाची नाही. उत्पन्नातून आधी पुतण्याच्या कष्टाचा मोबदला, मग राहील त्याचे चार भाग. धाकट्या बंधूंच्या हिश्श्याचे मोल पंचांकडून ठरवून ते तीन हंगामांत फेडावयाचे. त्यातील पहिला हप्ता आम्ही आमच्या शिलकेतून दिला. दुसरा हप्ता लांबला आहे, कारण यंदा छाटणीनंतर पाऊस थांबला नाही, आणि पुण्याहून येणारा दूरध्वनी पूर्वीइतका मोकळा राहिलेला नाही. त्यांची अडचण खरी आहे. आम्ही त्यांस दोष देत नाही. रोमाने-काँतीतही संस्था केल्याने भाऊबंदकी संपली असे नव्हे. दोन घराण्यांच्या वतीने एकत्र कारभार पाहणारे ओबेर द विलेन व लालू बीझ-लरुआ यांचे मतभेद इतके विकोपास गेले की १९९२ मध्ये लालूबाईंस कारभारातून दूर व्हावे लागले. पण भांडण माणसांत राहिले, मळ्यात उतरले नाही. आणि २०१९ मध्ये त्याच बाईंची मुलगी त्या कारभारात सहभागी झाली. यापेक्षा अधिक कोणत्या मिळकतीने मागावे?

तांबड्या रेघांचा तो नकाशा आम्ही फाडला नाही. पुतण्याने मागून घेतला. त्याची मागची बाजू कोरी होती. ऑक्टोबरातील छाटणीच्या तारखा त्याने तीवर लिहून तो मोटारीच्या खोलीत खिळ्यास टांगला आहे. गेल्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा त्याने आमच्या हाती कात्री दिली आणि पहिली काडी कोठे तोडावयाची ते दाखविले. पन्नास वर्षे आम्ही या बागेचे मालक म्हणवीत आलो; काडी तोडली ती त्या दिवशी प्रथमच, आणि तीही, पुतण्याच्या म्हणण्याप्रमाणे, एक डोळा वर.